पणजोबा सापडतात सर्वे नंबरात

2023 च्या दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये वेगळीच लगबग होती. अभिलेख कक्षातले धूळ खात पडलेले रुमाल सुटत होते, उर्दू वाचणाऱ्या निवृत्त गुरुजींना निरोप जात होते आणि मोडी येणाऱ्या माणसाचा भाव एकदम वधारला होता. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. मराठा कुटुंबांच्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायचं काम तिच्याकडं होतं. ऑक्टोबर संपताना सरकारनं पहिला आकडा सांगितला : 1 कोटी 73 लाख नोंदी तपासल्या, कुणबी नोंदी निघाल्या 11,530.

त्या आकड्यावरून जे राजकारण झालं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला रस वाटला तो समितीनं कोणकोणते कागद तपासायला घेतले त्या यादीत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, गाव नमुना 14, खरेदीखतं, दत्तकविधानं हे सगळं अपेक्षितच होतं. पण त्याच यादीत तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचं रजिस्टर होतं, पोलिसांचे अटक पंचनामे होते आणि उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्याही होत्या. पणजोबा ताडीच्या रजिस्टरात सापडले, तर ते पाहुण्यारावळ्यांत सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मुद्दा असा की साधा माणूस सरकारच्या कागदावर कधी येतो, याचं चित्र त्या यादीत उमटलं होतं. सारा भरला, भांडण झालं, परवाना काढला, पोरगं शाळेत घातलं किंवा मेला, की त्याचं नाव लिहिलं जातं. मधली चाळीस-पन्नास वर्षं तो जगत असतो, त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

विलायतेत हा शोध बराच सोपा आहे. तिथं शिरगणतीची घरोघरची पत्रकं शंभर वर्षांनी लोकांसाठी खुली होतात. 1921 ची पत्रकं 2022 च्या जानेवारीत खुली झाली. अमेरिका बहात्तर वर्षं थांबते, म्हणून त्यांची 1950 ची गणना त्याच वर्षी एप्रिलमध्ये बघायला मिळाली. आपल्याकडं 1948 च्या जनगणना कायद्यानं माणसामाणसाची माहिती गोपनीय ठेवली आहे आणि निजामाच्या राज्यातल्या शिरगणतीचे छापील खंड म्हणजे नुसते आकडे. अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके पुरुष, इतक्या बायका. मराठा आरक्षणाच्या वादात ज्याची सगळीकडं चर्चा झाली त्या हैदराबाद गॅझेटियरचंही तसंच. त्यात लोकसंख्या मिळेल, पिकं मिळतील, तुमच्या पणजोबांचं नाव मिळायचं नाही.

म्हणून मराठवाड्यात माणूस शोधायचा असेल, तर आधी त्याचं शेत शोधावं. माणसं मरतात, भाऊ वेगळे होतात, आडनावं बदलतात, गाव या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जातं. शेत तेवढं होतं तिथंच असतं आणि त्याच्या नंबराभोवती दीडशे वर्षांचे कागद जमलेले असतात.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची. खातेदाराच्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार गाव नमुना 6 मधून काढायचा. त्यात जमीन कुणाकडून कुणाकडं आणि कशी आली ते लिहिलेलं असतं. त्यावरून आधीचा सातबारा, त्यावरचा आधीचा फेरफार, असं एकेक पायरी मागं जायचं. वाटेत एक खड्डा हमखास लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत एकत्रीकरण योजना झाली आणि सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट म्हणजे पूर्वीचा कोणता सर्वे नंबर, हे कळल्याशिवाय मागचं काही हाती लागत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा काढतात. तलाठ्यापेक्षा गावातला एखादा जुना, कोर्टकचेऱ्यांत मुरलेला गडी हे जास्त लवकर सांगतो, हाही अनुभवाचा भाग.

पायऱ्या उतरत गेलं की 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक येतं. मराठवाड्यात पूर्वज शोधणाऱ्यासाठी याच्या तोडीचा कागद नाही. निजामाचं राज्य संपून पाच-सहा वर्षं झालेली, 15 ऑगस्ट 1949 ला जहागिऱ्या गेलेल्या, 1950 चा हैदराबाद कुळकायदा आलेला. अशा वेळी कोणत्या नंबराचा मालक कोण आणि प्रत्यक्ष कसतो कोण, हे नव्यानं लिहून काढलं गेलं. म्हणून त्यात पट्टेदाराचा रकाना वेगळा आणि कब्जेदाराचा वेगळा.

एक ओळ जवळून बघू. समजा सर्वे नंबर 47, क्षेत्र अकरा एकर काही गुंठे. पट्टेदार : ग्यानबा वल्द मारोती. कब्जेदार : सोपान वल्द ग्यानबा. पुढं पिकं, विहीर, झाडं. पिकांत हायब्रिड यायच्या आधीची पिवळी ज्वारी, तूर, थोडी जवस. झाडांत दोन आंबे, एक चिंच. पट्टा बापाच्या नावावर आणि कब्जा लेकाचा, म्हणजे ग्यानबा एक तर वारला आहे आणि वारसाची नोंद व्हायची राहिली आहे, किंवा थकला आहे. विहिरीचा रकाना कोरा असला तर घर कोरडवाहूवरच जगत होतं. दहा वर्षांनंतरच्या सातबाऱ्यात त्याच नंबरात विहीर दिसली, तर मधल्या काळात कुणीतरी तगाई काढली असणार, म्हणजे तगाईचाही कागद कुठंतरी असणार. पट्टेदार आणि कब्जेदार यांची जात, गाव, नाव यांचा काहीच मेळ लागत नसेल, तर कब्जेदार बहुधा कूळ आहे. मग कुळाची नोंदवही बघायची.

सातबाऱ्यावर नावापुढं ए.कु.क. असं दिसलं तर तिथं थांबावं. एकत्र कुटुंबाचा कर्ता. थोरल्या भावाचं नाव लागलं आणि धाकटे तीन त्या तीन अक्षरांत गडप झाले. नुसता सातबारा बघून वंशावळ काढणाऱ्यांच्या झाडाला फांद्या कमी का निघतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ते भाऊ पुढं वाटणीच्या नाहीतर वारसाच्या फेरफारात बाहेर येतात. मराठवाड्यात ज्याला फौतीचा फेर म्हणतात, तो या दृष्टीनं सोन्यासारखा कागद आहे. कोण कधी वारलं, मागं कोण राहिलं, कुणाचं वय किती, पोरं लहान असतील तर अ.पा.क., म्हणजे अज्ञानांची पालनकर्ती, म्हणून आईचं नाव. त्या अ.पा.क.मध्ये एक बाई दिसते, जी नवऱ्याच्या हयातीत कोणत्याच कागदावर नव्हती.

1948 च्या मागं गेलं की भाषा बदलते. हैदराबाद संस्थानात 1884 पर्यंत सरकारी कारभार फारसीत चाले, पुढं उर्दूत. गावातला पटवारी मात्र आपल्या वह्या मोडीत लिहायचा. म्हणून एकाच माणसाची नोंद गावपातळीवर मोडीत आणि तालुक्यात उर्दूत सापडते, तीही घसटून लिहिलेल्या शिकस्ता वळणात. उर्दूत ळ नाही, ण नाही. काळे हे काले होतात, मुळे मूले होतात, हंडरगुळीची हंडरगुली होते. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहितच नाहीत, त्यामुळं धोंडिबा की धुंडिबा हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. भाषांतर करून घेताना मूळ पानाची झेरॉक्स जोडून घ्यावी आणि नाव दुसऱ्या जाणकाराकडून वाचवून घ्यावं. तिथं पैसे वाचवू नयेत.

आडनावाचा तर नादच सोडावा. जुन्या नोंदीत माणूस ओळखला जातो तो स्वतःच्या नावानं, बापाच्या नावानं आणि कौम, म्हणजे जात, या रकान्यानं. आडनाव बऱ्याच घरांत पोरं शाळेत गेली तेव्हा कागदावर आलं, आणि मास्तरनं विचारल्यावर कुणी गावाचं नाव सांगितलं, कुणी धंद्याचं. त्यात आपल्याकडं नावं तरी किती? मारोती, ग्यानबा, विठोबा, सोपान, खंडू, माणिक, लिंबाजी. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत असल्यानं मारोती ग्यानबा आणि ग्यानबा मारोती आळीपाळीनं येत राहतात. दोन पिढ्यांची नावं जुळली म्हणून हरखून जाऊ नये. तिसरी पिढी जुळली आणि सर्वे नंबरही तोच निघाला, की मग आपला माणूस.

सालाचा हिशेब वेगळा लागतो. निजामाच्या राज्यात कागदावर फसली साल चाले. ते आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू व्हायचं. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहेश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. साधारण हिशेब असा की पहिल्या तीन महिन्यांत फसली सालात 590 मिळवायचे, पुढच्या महिन्यांत 591. फसली 1338 च्या तीर महिन्यातली नोंद म्हणजे 1929 चा मे. सरसकट 590 मिळवून मृत्यूचं साल एका वर्षानं चुकवणारे पुष्कळ भेटतात. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली, तेव्हा कागदावर फसली 1357 चा आबान चालू होता, साल संपायला थोडेच दिवस उरले होते.

वयाच्या बाबतीत कागदावर फार भरवसा ठेवता येत नाही. शाळेच्या दाखल-खारीजमध्ये अर्ध्या वर्गाचा जन्म 1 जूनचा निघतो, कारण तारीख मास्तरनं घातलेली. मोठ्या माणसांची वयं तीस, चाळीस, पन्नास अशी गोल. इथं घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कामाला येतं. थोरला रझाकाराच्या धामधुमीत पोटात होता, धाकटी बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर असताना झाली, असं आजी सांगते. त्यात महिना नसतो, पण साल शाळेच्या तारखेपेक्षा खात्रीचं असतं. नांदेडकडच्या उमरी भागातली माणसं बँकेच्या आधी की नंतर, असं विचारतात. 30 जानेवारी 1948 ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला, ती ही बँक. लातूरच्या बाजूला एखादा म्हातारा बार्शी लाइटची गाडी आली त्या वर्षाचा हवाला आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेला म्हणून देतो. ती छोटी गाडी लातूरला 1911 मध्ये आली.

बायकांचा माग काढणं सगळ्यांत अवघड. आपल्याकडच्या कागदात बाई लिहिली जाते ती गंगाबाई भ्र. माणिकराव अशी. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. बापाचं नाव नाही, माहेरचं गाव नाही, आणि लग्नात नाव बदललेलं असलं तर तिचं पाळण्यातलं नावही नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा आल्यावर लेकींची नावं फौतीच्या फेरात यायला लागली, कधी नुसती हक्क सोडल्याची सही किंवा अंगठा उठवण्यापुरती. तेवढीही नोंद मोलाची असते, कारण तिथं बाईच्या दोन्ही घरांचा सांधा जुळतो. मुसलमान कुटुंबांचं या एका बाबतीत बरं आहे. काझीच्या दफ्तरातल्या निकाहाच्या नोंदीत वधूचं नाव, तिच्या बापाचं नाव, मेहर आणि साक्षीदार असतात. औसा, उदगीर, कंधार यांसारख्या जुन्या ठाण्यांत ही दफ्तरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात चालत आली. हिंदू घरात त्या जागी फार तर जात्यावरच्या ओव्या येतात. त्यांत भावाचं नाव, माहेरचं गाव, वाटेवरची नदी सगळं असतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी सुरू केलेल्या संग्रहात महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या आहेत. पण तुमच्या पणजीची ओवी त्यात असेलच असं नाही, तेव्हा आत्याला आधी विचारावं.

ज्यांच्याकडं शेतच नव्हतं, त्यांनी काय करायचं? वर मी शेत शोधा म्हणालो, ते गावातल्या अर्ध्याच घरांना लागू पडतं. महार वतनाची जमीन असेल तर तिची नोंद इनामाच्या कागदात असते, आणि कोतवालकी घरात असेल तर गावच्या दप्तरात. तेही नसेल तर दुसऱ्यांचे कागद वाचायचे. पाटलाच्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून अंगठा कुणाचा आहे? चोरीच्या पंचनाम्यात पंच कोण? बटाईदार म्हणून कुणाच्या बटाईपत्रात नाव आलं आहे? नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये आजोबा असतील, तर घरच्या ट्रंकेत भविष्य निर्वाह निधीची एखादी पावती निघू शकते, आणि त्यावर वारस म्हणून आजीचं नाव. 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर जिथं शिल्लक आहे, तिथं तर जमीन असो नसो, घरातली सगळी माणसं ओळीनं सापडतात.

भूमिहीनांना हा शोध काही 2023 मध्ये सुचलेला नाही, हेही सांगून टाकतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तांड्यावरची, पालावरची माणसं या तारखा तोंडपाठ म्हणून दाखवतात. व्हॅलिडिटीसाठी चार-चार कचेऱ्या हिंडलेल्या बापानं आपल्या घराचा जो इतिहास गोळा केलेला असतो, तो एखाद्या विद्यापीठाच्या प्रबंधाला लाजवील. फक्त काम झालं की ती फाईल कपाटात जाते आणि पुढच्या पिढीला त्यातली गोष्ट कुणी सांगत नाही.

गावाचा तालुका आणि जिल्हा त्या काळी कोणता होता, हे पाहिल्याशिवाय कचेरीची पायरी चढू नये. लातूर जिल्हा 1982 चा. त्याआधीचे कागद उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तर 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. रेणापूरकडची गावं अंबाजोगाईत, म्हणजे बीड जिल्ह्यात, आणि अंबाजोगाईचं निजामकाळातलं नाव मोमिनाबाद. तिकडं किनवट आदिलाबादमधून नांदेडला आलं आणि मुधोळ नांदेडातून आदिलाबादला गेलं. हिमायतनगर शोधायचं तर वाढोणा या नावानं शोधावं लागतं. किनवटच्या म्हाताऱ्यानं घर न बदलता हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं पाहिली. कागद मात्र प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर आले असं नाही. काही बीदरला राहिले, काही आदिलाबादला, काही हैदराबादच्या तारनाक्यावरच्या पुराभिलेखागारात. गाव जहागिरीचं, पायगाचं (निजामाच्या बड्या सरदार घराण्यांचं) किंवा सर्फेखासचं (निजामाच्या खासगी मालकीचं) असेल, तर त्याचं दप्तरच दिवाणीपेक्षा, म्हणजे थेट सरकारी गावांपेक्षा, वेगळं होतं. इनाम असेल तर मुंतखब, म्हणजे इनाम मंजुरीचा दाखला, शोधायचा. अर्जावर जुना जिल्हा, जुना तालुका आणि सर्वे नंबर घातला नाही, तर "नोंद आढळून येत नाही" असं छापील उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं.

सरकारच्या बाहेरही वह्या आहेत. पणजोबा कधी नाशिकला, त्र्यंबकला अस्थी घेऊन गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायाच्या नामावळीत त्यांनी स्वतः सांगितलेली वंशावळ असते, बहुधा मोडीत : गाव, बाप, आजा, भाऊ, बरोबर आलेली माणसं. गाव आणि जात सांगितली की उपाध्ये आपली वही काढतात. सरकारी कागदात माणूस दुसऱ्यानं लिहिलेला असतो, इथं तो स्वतः बोललेला सापडतो. दुष्काळात अंगावरचे कपडे विकणाऱ्या घरातला माणूसही बापाची राख घेऊन गोदावरीवर गेलेला असतो, त्यामुळं भूमिहीनांनीही ही वही सोडू नये. लिंगायत घरांनी आपला मठ आणि जंगम यांना विचारावं. कर्नाटकाच्या कडेच्या गावांत हेळवी येऊन वंशावळ वाचून दाखवायचे. ज्यांच्याकडं अजून येत असतील, त्यांनी पुढच्या खेपेला मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावं. भाटांचंही तेच.

लातूर जिल्ह्यात एका मोठ्या पट्ट्यात हे सगळं एका पहाटे मोडून पडलं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात औसा, निलंगा आणि पलीकडं उमरगा भागातली गावं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. घरातल्या ट्रंका, पोथ्या, खरेदीखतं, फोटो दगडमातीखाली गेले, आणि आजीसारखं तोंडी सांगणारं माणूसही. बावन्न गावं जागा बदलून नव्यानं बसवली. पण शेतं जुन्याच जागी राहिली, त्यामुळं सर्वे नंबराचा धागा तिथंही तुटलेला नाही. शिवाय त्या घरांची आणखी एक नोंद झाली. मेलेल्यांची नावं, वयं, त्यांचे वारस आणि घर मिळणाऱ्यांच्या याद्या गावोगाव तयार झाल्या. नुकसानभरपाईचे कागद म्हणून त्यांच्याकडं पूर्वजांच्या शोधासाठी अजून कुणी फारसं बघत नाही. त्या यादीतला साठीचा म्हातारा म्हणजे 1930 च्या आगेमागे जन्मलेला माणूस, म्हणजे 1954 च्या खासऱ्यात कब्जेदाराच्या रकान्यात त्याचं किंवा त्याच्या बापाचं नाव असायला हवं. किल्लारीकडच्या कुणाला शोध सुरू करायचा असेल तर त्यानं ही यादी आणि तो खासरा शेजारीशेजारी ठेवावा, आणि नकलेच्या अर्जावर तालुका घालताना गाव तेव्हा औशात होतं की निलंग्यात, हे आधी बघून घ्यावं.